विहिणीचं जाळं

इस्त्रीकाकूंनी आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे धुतले आणि त्या कपड्यांवरून दुसऱ्यांचे स्वभाव ओळखले. कोण जेवताना सांडतो, कोण कोपरं टेकून ओटीवर तास न् तास बसतो, कुणाच्या घरी सध्या अबोला आहे, हे सगळं त्यांना लाँड्रीच्या काउंटरमागे उभ्या उभ्या कळायचं. आणि कळलं की त्या ते बोलून टाकायच्या. पोटात काही ठेवणं त्यांना जमायचं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनी तसा प्रयत्नही कधी केला नव्हता. ‘‘साहेब, पेनाला टोपण असतं, ते लावायला असतं,’’ असं त्या बँकेच्या मॅनेजरला चार गिऱ्हाइकांदेखत सुनवायच्या. मॅनेजर ओशाळवाणं हसायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा खिशावर शाई घेऊन हजर व्हायचा. डाग काढावा तर काकूंनीच, हे बंदरावरची दुश्मन मंडळीसुद्धा मान्य करायची.

दुकान बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होतं. पुढे काउंटर, मागे वाफेनं कोंदलेली खोली, त्यात धुलाईची दोन जुनी यंत्रं, आणि छतापर्यंत फळ्या. काका, म्हणजे काकूंचे यजमान, सायकलवरून कपडे पोचवायचे आणि उरलेल्या वेळात वर्तमानपत्र वाचत काकूंचं बोलणं ऐकायचे. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्या वाट्याला बोलण्याची पाळी फारशी आली नाही. आली की मात्र ते एकच वाक्य असं बोलायचे, की काकूंना दिवसभर पुरायचं.

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा काकूंनी दुकान पुतण्याच्या हवाली केलं. पहिले आठ दिवस त्यांनी घरातले पडदे धुतले. नंतरचे आठ दिवस शेजारणीचे. मग काका घाबरले आणि म्हणाले, ‘‘चला, समुद्रावर फिरायला जाऊ.’’

हीच त्यांची चूक झाली. काकू किनाऱ्यावर गेल्या, त्यांनी वाळूकडे बघितलं आणि त्या जागच्या जागी थांबल्या. बाटल्यांची झाकणं, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, थर्माकोलचा चुरा, दोऱ्या, पिशव्या, लायटर. ‘‘अहो, हे काय आहे?’’ त्यांनी काकांना असं विचारलं, जणू काय काकांनीच ते सांडलं होतं. परत येताना काकूंचे दोन्ही हात भरले होते आणि काकांचे सगळे खिसे. पुढच्या रविवारी त्या लाँड्रीची मोठी पिशवी घेऊन गेल्या. त्याच्या पुढच्या रविवारी दोन.

काही आठवड्यांनी एक न्हावी येऊन मिळाला. त्याच्या दुकानाची काच समुद्राकडे होती, आणि आपण खुर्च्या पुसत असताना एक बाई बाहेर वाकून कचरा उचलते आहे हे त्याला बघवेना. मग पोस्टातली एक ताई आली, मग शाळेतले कवायतीचे सर आले, ते आपल्या दोन भावजयांना घेऊन आले. वर्ष-दीड वर्षात रविवारी सकाळी पंधरा-वीस माणसं जमायला लागली. सगळ्यांनी हाताच्या अंतरावर ओळीत उभं राहायचं आणि किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं, ही पद्धत काकूंची. मधोमध काकू. ‘‘सर, तुमच्या मागे झाकण राहिलं!’’ ‘‘ताई, गप्पा नंतर!’’ कवायतीच्या सरांना आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी हुकुमावर चालावं लागत होतं, आणि गंमत म्हणजे त्यांना ते आवडत होतं.

शेवटी सगळा कचरा एका जुन्या चादरीवर ओतला जायचा. प्लास्टिक वेगळं, काच वेगळी, दोर वेगळे. चपला मात्र काकू स्वतःकडे घ्यायच्या. समुद्रातून चपला नेहमी एकट्या येतात. काकू त्यांच्या जोड्या लावायला बसायच्या. मोजे जुळवायची सवय कुठे जाते? एकदा खरोखरच एक जोडी जुळली, डाव्या-उजव्या पायाची, एकाच मापाची, तेव्हा त्यांनी ती सगळ्यांना फिरून फिरून दाखवली. नंतर न्हावी थर्मासमधून चहा ओतायचा आणि सगळे भिंतीवर पाय सोडून बसायचे. समोर स्वच्छ वाळू. भरती आली की पुन्हा कचरा येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

‘‘काकू, कंटाळा नाही येत?’’ एकदा ताईनं विचारलं. ‘‘आज काढा, उद्या परत आहेच.’’

‘‘धुतलेला शर्ट लोक कपाटात ठेवायला नेतात का गं? घालतात, मळवतात, परत आणतात. त्यावर तर माझं घर चाललं.’’ काकू सुखानं चहाचा घोट घ्यायच्या. त्या दिवसांत त्या खरंच सुखात होत्या. रविवारी दुपारी मुलगी माहेरी यायची, काका तिच्यासाठी काहीतरी गोड आणून ठेवायचे, आणि काकू सकाळी काय काय सापडलं त्याचा पाढा वाचायच्या.

मुलगी दिली होती बंदराच्या पलीकडच्या वस्तीत. जावयाची मासेमारीची बोट होती, आणि विहीणबाई घरच्या आणि शेजारच्या बोटींची जाळी दुरुस्त करायच्या. विहीणबाई म्हणजे काकूंचं दुसरं टोक. काकूंनी दहा वाक्यं बोलावीत, तेव्हा विहीणबाईंनी एकदा मान हलवावी. लग्नाला सहा वर्षं झाली तरी दोघींमध्ये ‘या, बसा, चहा घ्या’ याच्या पलीकडे काही गेलं नव्हतं. वाकडं नव्हतं, एवढंच.

आता जाळ्यांबद्दल सांगायला हवं. समुद्र कधी कधी तुटलेली, टाकून दिलेली जाळी किनाऱ्यावर आणून टाकतो. पाणी आणि वाळू भरली की ती इतकी जड होतात की चार माणसांना ओढवत नाहीत, आणि तशीच राहिली तर त्यात पक्षी अडकतात, खेकडे अडकतात. त्यामुळे काकूंच्या मंडळींचा नियम ठरलेला होता. जाळं दिसलं की जागेवरच हातभर लांबीचे तुकडे करायचे आणि पोत्यात भरायचे. त्यासाठी काकूंनी दुकानातली कापडाची मोठी कात्री आणून ठेवली होती.

त्या रविवारी ओळ किनाऱ्याच्या पार शेवटच्या टोकाला, खडकांपाशी पोचली. तिथे एक भलंमोठं जाळं पडलेलं. मंडळी खूश झाली. बऱ्याच दिवसांत एवढं मोठं काही मिळालं नव्हतं.

न्हाव्यानं वाकून बघितलं. ‘‘काकू, याच्यावर दगड ठेवलेत हो. कडेकडेनं. कुणीतरी वाळत घातलंय.’’

‘‘वाळत कसं घालतात ते तू मला शिकवणार?’’ काकू म्हणाल्या. ‘‘वाळत घातलेली वस्तू अशी चुरगळून पडते होय? लाटेनं आणलेत दगड. आण ती कात्री.’’

न्हाव्यानं कात्री आणून दिली. काकूंपुढे दुसऱ्यांदा बोलायची तिथे पद्धत नव्हती. कात्री चालू झाली. सर आणि त्यांच्या भावजया तुकडे भरायला लागल्या. निम्मं जाळं कापून झालं असेल, तेवढ्यात खडकांच्या मागून विहीणबाई आल्या. एका हातात जाळं विणायची लाकडी सुई, दुसऱ्या हातात दोऱ्याचं रीळ.

त्या पोत्याकडे बघत राहिल्या. मग कात्रीकडे. जावयाच्या बोटीचं जाळं होतं ते. नव्या हंगामासाठी महिनाभर खपून त्यांनी दुरुस्त करत आणलं होतं, आणि चहा प्यायला म्हणून तेवढ्या घरी गेल्या होत्या.

एखादी बाई कडाकडा भांडली असती तर सगळं सोपं झालं असतं. भांडणात काकू तरबेज होत्या. पण विहीणबाई बोलेनात, आणि ती शांतता काकूंना सोसेना, म्हणून त्यांच्या तोंडून नको ते वाक्य गेलं. ‘‘अहो, पण इथे कशाला पसरलंत? लोकांना कळायचं कसं?’’

‘‘अंगणात सिमेंट ओतलंय,’’ विहीणबाई म्हणाल्या. ‘‘ओलं आहे.’’ त्यांनी पोतं उपडं केलं, तुकडे गोळा करून उरलेल्या जाळ्यात गुंडाळले, आणि ते बोचकं ओढत निघाल्या. सर मदतीला धावले, न्हावी धावला. काकू मात्र कात्री हातात धरून उभ्याच राहिल्या. त्या रविवारी कुणी चहा प्यायला नाही.

दुपारी मुलगी आली, पण बसली नाही.

‘‘आई, कापलंस त्याचं काही नाही. चुकून झालं. पण वर त्यांनाच विचारलंस, इथे का पसरलंत म्हणून?’’

‘‘मी काय मुद्दाम—’’

‘‘घरात कुणी मला शब्दानं बोललेलं नाही. उलट सगळे जास्तच गोड वागतायत. मघाशी सासूबाईंनीच चहा करून माझ्या हातात दिला. मला घास गिळवत नाही तिथे. तू ये आणि एकदा म्हण, चुकलं माझं. बस, एवढंच.’’

‘‘त्यात म्हणायचं काय असतं?’’ काकू म्हणाल्या. ‘‘कळतंच की ते.’’

‘‘नाही कळत, आई. म्हटल्याशिवाय नाही कळत.’’ मुलगी दारापर्यंत गेली आणि वळली. ‘‘तू म्हणेपर्यंत मी रविवारची येणार नाही. तिकडून उठून इथे मजेत जेवायला यायचं, मला लाज वाटते.’’

ती गेली. काकांनी आणलेलं गोड तसंच झाकून राहिलं.

काकूंना ते दोन शब्द कधी म्हणता आलेच नव्हते, ही खरी अडचण. एखाद्या गिऱ्हाइकाची चादर जळली तर त्या नवी चादर आणून द्यायच्या, वर दोन उशांचे अभ्रे फुकट धुवायच्या, पण तोंडानं म्हणायच्या, ‘‘कापडच हलकं होतं तुमचं.’’ लग्नानंतर काकांशी झालेल्या सगळ्या भांडणांत एकूण एक वेळी काकांनीच आधी माघार घेतली होती. आता काकांना पाठवून भागणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. वाटेत त्यांनी ते वाक्य चार वेळा मनात म्हणून पाहिलं. अंगणात नवं सिमेंट वाळलं होतं, विहीणबाई पाट टाकून बसल्या होत्या, पुढ्यात जाळ्याचा ढीग. काकूंनी तोंड उघडलं आणि म्हणाल्या, ‘‘मला एक सुई द्या.’’

विहीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग काही न विचारता दुसरा पाट सरकवला, एका सुईत दोरा भरला आणि दोन गाठी मारून दाखवल्या. काकूंनी ‘हो, हो, कळलं’ म्हणत सुई हातात घेतली. गाठी मारण्यातच तर आपला जन्म गेला, त्यात शिकायचं काय, असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी काकांनी विचारलं, ‘‘म्हणालीस?’’

‘‘मी रोज जाणार आहे. जाळं पुरं होईपर्यंत.’’

काकांनी वर्तमानपत्राची घडी केली. ‘‘म्हणजे दोन शब्द वाचवायला महिनाभर राबणार तर.’’

काकू रोज जायला लागल्या. जेवण आटोपलं की निघायच्या, उन्हं कलेपर्यंत अंगणात बसायच्या. पहिल्या दोन दिवसांत त्यांची बोटं सोलवटली, पण त्यांनी चकार शब्द काढला नाही. आणि मग नेहमीसारख्या बोलायला लागल्या. कुठला डाग कशानं जातो, बँकेचा मॅनेजर, जुळलेली चपलांची जोडी. विहीणबाई मान खाली घालून ऐकायच्या. चपलांच्या गोष्टीला त्या हसल्या, पार खांदे हलेपर्यंत. त्यांना असं हसता येतं हे काकूंना सहा वर्षांत माहीत नव्हतं. एक दिवस विहीणबाईंनी स्वतःहून सांगितलं, की लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना समुद्राची भीती वाटायची आणि अजूनही वाटते, पण हे त्यांनी घरात कुणाला सांगितलेलं नाही. काकूंनीही ते कुणाला सांगितलं नाही. काकूंच्या बाबतीत ही किती मोठी गोष्ट आहे, हे त्यांना ओळखणाऱ्यालाच कळेल.

त्या दुपारी काकूंना आवडायला लागल्या होत्या, हे कबूल करायला हवं. पण मुलगी चहा आणून ठेवायची, आईच्या तोंडाकडे क्षणभर बघायची आणि आत निघून जायची. रविवार मागून रविवार गेले. काका आताशा गोड आणत नव्हते.

असाच एक रविवार होता. सकाळच्या सफाईत काकूंना नायलॉनच्या दोऱ्याचा एक छानसा गुंडा सापडला, जवळजवळ नवा. न्हावी म्हणाला, ‘‘काकू, हा तुमच्या विहीणबाईंना चालेल.’’ काकूंनी आधी त्याला विचारलं, ‘‘कुणाचा नसेल ना रे?’’ न्हावी इतका चकित झाला की त्यानं गुंडा दोनदा उलटसुलट करून बघितला, मग म्हणाला, ‘‘नाही.’’ दुपारपर्यंत थांबायचं कशाला, म्हणून काकू तशाच वाळूच्या पायांनी निघाल्या.

फाटक उघडंच होतं. विहीणबाई अंगणात पाठमोऱ्या बसल्या होत्या. पुढ्यात काकूंनी आदल्या दिवशी विणलेला भाग. काकू हाक मारणार, तेवढ्यात त्यांना दिसलं की विहीणबाई गाठी सोडतायत. एक टोक धरायचं, ओढायचं, की गाठ मोकळी. दुसरी, तिसरी. एकही गाठ खळखळ करत नव्हती. सोडलेल्या जागी विहीणबाई नवी गाठ मारायच्या, ओली करून दातांत धरून आवळायच्या आणि पुढच्या गाठीकडे वळायच्या.

काकूंना सगळं एकदम उमजलं. चाळीस वर्षं त्यांनी कपड्यांची गाठोडी बांधली होती. वाटेत सुटू नये पण गिऱ्हाइकानं टोक ओढलं की झटक्यात उघडावी, अशी ती गाठ. हातांना दुसरी येतच नव्हती. जाळ्याला ती काय कामाची? पहिला मासा जोरात उसळला असता की सगळं उसवलं असतं. म्हणजे महिनाभर आपण बांधत होतो आणि ही बाई रोज सकाळी सोडत होती. काकूंचे कान तापले. सरळ परत फिरावं आणि पुन्हा या दारात पाय ठेवू नये, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात विहीणबाईंचं काम संपलं. त्यांनी काकूंची सुई उचलली. काल काकूंनी ठेवली तेव्हा तिच्यावर जेवढा दोरा होता, बरोबर तेवढाच त्यांनी पुन्हा गुंडाळला, आणि काकूंनी जशी ठेवली होती तशीच, आडवी, त्यांच्या पाटावर ठेवून दिली. काकूंना काही कळू नये म्हणून. काकूंनी जन्मभर लोकांच्या चुका चारचौघांत मोठ्यानं सांगितल्या होत्या. त्यांच्या चुकीची एवढी काळजी मात्र कुणीतरी पहिल्यांदाच घेत होतं. त्या फाटकातून आत आल्या.

‘‘विहीणबाई.’’

विहीणबाई इतक्या दचकल्या की जाळं मांडीवरून घसरलं.

‘‘विहीणबाई, चुकलं माझं.’’

‘‘अगं बाई!’’ विहीणबाईंनी छातीवर हात ठेवला. ‘‘आता आणखी काय कापलंत?’’

‘‘नाही हो, आणखी नाही. तेच. पहिलंच. तो न्हावी सांगत होता, मी ऐकलं नाही. कापलं ते कापलं, वर तुम्हालाच बोलले. चुकलं माझं.’’ एकदा सुटलं तसं ते दुसऱ्यांदा म्हणायला जड गेलं नाही.

विहीणबाईंनी घसरलेलं जाळं परत मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘तुमची लेक म्हणाली होती, आई तसं कधी म्हणणार नाही, वाट बघू नका.’’

‘‘आणि गाठींचं का नाही सांगितलंत? रोज डबल काम केलंत.’’

‘‘सांगितलं असतं तर उठून गेला असतात.’’ विहीणबाईंनी पाटावरची सुई उचलून काकूंपुढे धरली. ‘‘जाळं काय, मी एकटीनं पण केलं असतं. दुपारी कुणीतरी येऊन बोलत बसतं, ते मला बरं वाटत होतं.’’

काकूंनी डोळे पुसले, तेही वाळूच्या हातांनी, त्यामुळे ते आणखी चुरचुरले. मग त्या पाटावर बसल्या. ‘‘आता माझ्यासमोर सोडवायच्या. आणि मोठ्यानं सांगायचं.’’

विहीणबाईंनी गाठ दाखवली. काकूंनी मारली.

‘‘चूक,’’ विहीणबाई म्हणाल्या. आवाज बारीकच होता, पण ठाम. काकूंनी सोडली, परत मारली. ‘‘चूक. दोरा वरून नाही, मागून.’’ काकूंनी परत सोडली. दहाव्या-बाराव्या वेळेला विहीणबाईंनी गाठ दोन्ही हातांनी खेचून बघितली आणि ती सुटली नाही. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

दारात मुलगी उभी होती. ती केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक. ती आत गेली आणि तिघींचा चहा घेऊन आली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा अंगणातच बसून प्यायली.

काकू निघाल्या तेव्हा मुलगी म्हणाली, ‘‘कोपऱ्यापर्यंत सोडते तुला.’’ कोपरा आला, बंदर आलं, बंद लाँड्री मागे पडली, तरी ती चालतच होती. काकांनी दार उघडलं. त्यांनी दोघींकडे बघितलं, चष्मा वर सरकवला, आणि काकूंना काही विचारण्याऐवजी सरळ चपला घालून गोड आणायला निघाले.